पाठीचं माप

आमच्या दुकानातल्या मापवह्यांत एक पान माझं आहे. सांगलीच्या कापड पेठेत वडिलांनी १९५८ साली दुकान टाकलं, तेव्हापासूनच्या सगळ्या वह्या कपाटात आहेत. गिऱ्हाईक वारलं तरी त्याचं पान फाडायचं नाही आणि घरच्या माणसाचा कपडासुद्धा जुन्या मापावर बेतायचा नाही, हे वडिलांचे दोन नेम. त्यामुळे दर दिवाळीला माझा शर्ट शिवायच्या आधी ते मला टेपखाली उभं करत. १९८२च्या दिवाळीपासूनची माझी मापं त्या एका पानावर एकाखाली एक उतरली आहेत. वडील कोट शिवणारे. म्हणून शर्टाला एरवी लागत नाहीत अशी दोन मापंही ते टिपायचे. एक पाठ, म्हणजे मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत. दुसरं पुढा, म्हणजे गळ्यालगतच्या खांद्यापासून छातीवरून कमरेपर्यंत.

१९८२ : पाठ १६½, पुढा १७. १९९५ : पाठ १७, पुढा १६½. २००७ : पाठ १७¾, पुढा १५¾. मधली सगळी वर्षंही आहेत. आकडे पाव-पाव इंचानं सरकत गेले, म्हणून आमच्यापैकी कुणाच्या डोळ्यांत भरले नाहीत. पण मशीनवर चार वर्षं काढलेल्या कुठल्याही कारागिराला ते पान दाखवा, तो लगेच सांगेल की हा माणूस वाकत चाललाय. माणूस पुढं झुकला की पाठीवरून जाणारा टेप लांबतो आणि छातीवरून जाणारा आखडतो. त्याच वर्षांत माझी उंची मात्र साडेपाच फुटांवरून पाच फूट तीन इंचांवर आली.

मला अल्कॅप्टोन्युरिया आहे. जन्मापासून आहे. हे कळायला मला ४४ वर्षं लागली, आणि इतकी का लागली हेच मला मुख्यतः सांगायचं आहे.

पाठ धरायला लागली ती १९९४च्या लग्नसराईत. वय तीस. सकाळी उठलं की कंबर लाकडासारखी ताठ, मशीनवर बसून तासभर काम झालं की जरा सैल व्हायची, आणि संध्याकाळी पुन्हा आवळायची. ज्याला सांगावं तो म्हणायचा, शिंप्याची पाठ अशीच असते. बारा-बारा तास मान खाली, पाय पायडलवर, आणखी काय होणार? दवाखान्यातही ‘मणक्याची झीज’ एवढंच ऐकायला मिळे. मलाही ते पटत होतं. चौदाव्या वर्षी वडिलांनी मला काजं करायला बसवलं होतं. घरात दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, दुकानात हात कमी पडत होते. रात्री माझं कण्हणं त्यांच्या कानावर जायचं. एक दिवस न बोलता त्यांनी माझ्या मशीनला मोटर बसवून आणली. आईला ते म्हणाले होते, “पोराची पाठ मी मोडली.” हे आईनं मला फार नंतर सांगितलं. २००३ला वडील गेले. शेवटपर्यंत त्यांना तसंच वाटत होतं.

त्याआधीही शरीरानं खुणा दिल्या होत्या. १९८८च्या मे महिन्यात एका नवरदेवाचा पांढरा झब्बा मी शिवत होतो. वीज गेलेली, पंखा बंद, कपाळावरचा घाम दोन-तीनदा कापडावर पडला. पुसला, वाळला, काही दिसेना. दोन दिवसांनी इस्त्रीला घेतला तर छातीवर तपकिरी ठिपके. गिऱ्हाईक चिडलं, म्हणालं तुमची इस्त्री घाण आहे. वडिलांनी रातोरात नवं कापड आणून दुसरा झब्बा उभा केला आणि मला एका शब्दानंही बोलले नाहीत. इस्त्री स्वच्छ होती. मी तिचा तळ चिंचेनं घासून पाहिला होता. माझ्या बनियनच्या काखाही कायम तपकिरी असायच्या. आमच्या घरात त्याचं उत्तर तयार होतं: रंगीत कापडात दिवसभर काम, कच्चा रंग अंगाला लागतो.

पस्तिशीनंतर कानाच्या पाळीचा वरचा भाग निळसर करडा दिसायला लागला. आमच्या धंद्यात पेन्सिल कानावर ठेवायची सवय. दाढी करताना न्हाव्यानं विचारलं, “शिसं लागलंय का?” मी घरी जाऊन रॉकेलच्या बोळ्यानं कान चोळला. निळेपणा गेला नाही, तरी पेन्सिलीचाच असेल असं समजून मी ती खिशात ठेवायला लागलो. पाठ दुखते ती मशीनमुळे, डाग पडतात ते कच्च्या रंगामुळे, कान निळा होतो तो पेन्सिलीमुळे. धंद्यानं माझ्या प्रत्येक खुणेला आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं, आणि उत्तर हाताशी असलं की माणूस पुढं विचारत नाही.

१९९९ला सांध्यांच्या एका डॉक्टरांनी मला शर्ट काढून पाठमोरं उभं केलं. कमरेवर, जिथं दोन खळ्या असतात त्या रेषेत, त्यांनी पेनानं एक खूण केली. तिथून वर दहा सेंटिमीटर मोजून दुसरी. मी कापडावर खडूनं करतो तशीच. मग म्हणाले, गुडघे न वाकवता जमेल तेवढं खाली वाका. निरोगी कमरेत वाकल्यावर त्या दोन खुणांमधलं अंतर पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातं, कारण मणके एकमेकांपासून उलगडतात. माझं साडेअकरा भरलं. त्यांच्या हातात आमचाच टेप होता, पिवळा, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. आयुष्यभर तो मी दुसऱ्यांच्या अंगावर फिरवला होता. माझ्या पाठीवर तो असा कधी कुणी धरला नव्हता. त्यांना अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची शंका आली, मणके सांधले जाण्याचा तो आजार. त्यासाठीची एचएलए-बी२७ ही तपासणी निगेटिव्ह आली, पण ती निगेटिव्ह असूनही तो आजार असू शकतो, म्हणून औषधं त्याचीच चालू राहिली. गोळ्यांनी पोटाची आग व्हायची. दुखणं हटलं नाही.

२००८च्या श्रावणात डावा पाय बधिर झाला. चालताना चवडा उचलेना, चप्पल फरफटत यायची. कमरेतली चकती सरकून नस दाबली गेली होती. मिरजेला ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी सर्जन राउंड संपवून एकटेच परत आले आणि माझ्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले. “मी आजवर शेकड्यांनी चकत्या काढल्या,” ते म्हणाले. “चकती पांढरी असते, फार तर पिवळट. तुमची काळी होती. कोळशासारखी.” मग त्यांनी माझा कान उजेडाकडे वळवला. खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग पाहिला. बुबुळाच्या बाजूला मला तिथं तपकिरी डाग आहेत. मी ते उन्हाचे समजत होतो. त्यांनी विचारलं, लघवी साठवून ठेवली तर काळी पडते का? मी म्हटलं, लघवी कोण साठवून ठेवतं? तिसरा प्रश्न होता, आईवडील नात्यातले का?

काचेच्या बाटलीत लघवी घेऊन ती खिडकीत ठेवली. सकाळी नेहमीसारखी पिवळी. संध्याकाळी कोऱ्या चहासारखी. दुसऱ्या दिवशी उजाडताना काळी. पुढं प्रयोगशाळेतून होमोजेंटिसिक ॲसिडचा आकडा आला आणि शंका उरली नाही. पण त्या बाटलीकडे बघत आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती, तेव्हाच सगळं उलगडलं होतं.

“तुझी दुपटी काळी पडायची रं,” ती म्हणाली. “सोड्यात टाकली की आनकीच काळी. लय घासली मी. सासूबाई म्हनल्या, कुनाला दावू नगंस, पोराला नाव ठिवत्याल. म्हनून परसात मागल्या दोरीवर वाळत घालायची.”

४४ वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. धुण्याचा सोडा हा अल्कली. होमोजेंटिसिक ॲसिडला अल्कली मिळालं की ते हवेतला प्राणवायू भराभर घेतं आणि काळं होतं. अल्कॅप्टोन्युरिया या नावातला ‘अल्क’ तोच. म्हणजे माझ्या आजाराची तपासणी १९६४ साली आमच्या परसात, धुण्याच्या दगडावर रोज होत होती. आई डाग काढायला जितका सोडा घालायची, तितका डाग तिला जास्त ओरडून सांगत होता. ज्या घरात दुपट्यावर तपकिरी-काळा डाग पडतो आणि साबण लागला की गडद होतो, त्या घरातल्या बायकांनी ते दुपटं न धुता तसंच डॉक्टरांपुढं धरावं, असं मला फार वाटतं. आता डायपर आले, तेही एकदा उघडून बघावेत.

आजाराचं कारण मी डॉक्टरांकडून समजून घेतलं ते असं. डाळ, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांत टायरोसिन आणि फेनिलॲलानिन असतं. शरीर त्यांना पायरी-पायरीनं मोडतं. एका पायरीवर होमोजेंटिसिक ॲसिड तयार होतं, आणि त्याला पुढं मोडणारं एन्झाइम माझ्यात चालत नाही. त्या एन्झाइमचं जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. ते १९९६ साली सापडलं. न मोडलेलं ॲसिड बरंचसं लघवीवाटे जातं, उरलेलं वर्षानुवर्षं कूर्चेत मुरत राहतं. कूर्चा काळी होते, मग काचेसारखी ठिसूळ. पहिला मार बसतो तो कण्यातल्या चकत्यांना, बहुधा तिशीच्या आसपास. नंतर गुडघे, खुबे, खांदे, कुणाकुणाची हृदयाची झडप. असा माणूस साधारण अडीच लाख ते दहा लाखांत एक. स्लोव्हाकियात मात्र १९ हजारांत एक सापडतो.

सर्जननी मला लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड या डॉक्टरची गोष्ट सांगितली, आणि ती ऐकताना मला आमचं परस दिसत होतं. त्याच्याकडे असंच एक मूल होतं, दुपटी काळी करणारं. त्याच्या आईला पुन्हा दिवस गेले तेव्हा गॅरॉडनं सांगून ठेवलं की बाळाच्या दुपट्यांवर लक्ष ठेवा. दोन-तीन दिवसांतच डाग दिसला. म्हणजे हा कुठला संसर्ग नाही, मूल हे घेऊनच येतं. अशी मुलं असलेल्या बऱ्याच घरांत आईबाप एकमेकांची चुलत-मामे भावंडं होती, हेही त्यानं टिपलं. १९०२ला त्यानं लिहिलं की मेंडेलनं वाटाण्यांत दाखवलेला वारशाचा नियम या आजाराला लागू पडतो. माणसाच्या आजाराला तो नियम लावलेला तो पहिला प्रसंग.

माझी आई माझ्या वडिलांच्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी म्हणजे हक्काची सून. बाहेरची मुलगी आणली तर मामा रुसतो. आईनं सगळं ऐकलं आणि घरी आल्यावर चुलीपुढं बसून म्हणाली, “म्हंजे माझ्यामुळं.” वडील स्वतःला दोष देत गेले, आता तो दोष तिनं उचलला. मी तिला म्हणालो, “आई, अर्धं तुझ्याकडनं आलं, अर्धं अण्णांकडनं. दोघांनाही ठाऊक नव्हतं.” तिला ते किती पोचलं कुणास ठाऊक. बारा तास मशीनवर बसून पाठीचं भलं होत नाही, हे मी नाकारत नाही. कामानं भर घातली असेल. पण चकती काळी मशीननं केली नव्हती, आणि हे ऐकायला अण्णा हवे होते.

माझी धाकटी बहीण तासगावला दिली आहे. माझं निदान झाल्यावर तिचीही लघवी बाटलीत ठेवली. तीही काळी. २०१६ला ती दुकानात आली, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “दादा, तुझी पोरगी माझ्या पोराला दे.” मुलगा चांगला, शिकलेला. माझ्या बायकोच्याही मनात होतं.

मी बटणांचा डबा ओढला. प्रत्येक माणसाजवळ अशी दोन बटणं असतात, म्हटलं, एक आईनं दिलेलं, एक बापानं. तुझी दोन्ही काळी, माझी दोन्ही काळी. म्हणून आपल्या मुलांजवळ एक काळं असणारच, दुसरं पांढरं. एक पांढरं असलं की माणसाला काही होत नाही. पण ती दोघं लग्न करतील, तेव्हा चार तऱ्हा होतील. चार जोड्या मी तिच्यापुढं मांडल्या. एका जोडीत दोन्ही काळी.

ती बराच वेळ बघत राहिली. “म्हंजे चारातली तीन तर चांगली निघतील न्हवं?”

“आईलाही चारच झाली,” मी म्हटलं. “त्यात दोन आपण.”

खरं तर चारात एक हा प्रत्येक बाळंतपणाचा नव्यानं टाकलेला फासा आहे. चारांमागं एकच, असा हिशेब नसतो. पण त्या वेळी मला ते समजावता आलं नाही. ती पुडा तसाच ठेवून गेली. त्या वर्षी भाऊबीजेला आली नाही. लोक म्हणाले, सख्ख्या बहिणीला मुलगी नाकारली. माझी मुलगी आज पुण्यात आहे, लग्न नात्याबाहेर झालं, भाच्याचंही. नकार देताना माझा आवाज चढला होता, तेवढं मला लागून राहिलंय. नकार नाही.

काम मी सोडलं नाही. बदललं. कापायचं टेबल ३३ इंच उंच होतं, ते सुताराकडून ४१ करून घेतलं, म्हणजे मान खाली घालावी लागत नाही. पँटची उंची आणि मोहरी मोजायला गुडघ्यावर बसावं लागायचं. आता गिऱ्हाइकालाच दीड फुटाच्या लाकडी ठोकळ्यावर चढवतो. पहिल्यांदा माणसं संकोचतात, विशेषतः म्हातारी. एका जागी किती वेळ बसायचं ते घड्याळानं ठरवत नाही. कॉलर झाली की उठायचं, उंबऱ्यापर्यंत जाऊन यायचं. एक बाही चढली की पुन्हा. शर्टाचे भाग हेच माझे तास. पांढरं कापड हातात असलं की कपाळाला पंचा बांधलेला असतो. कोट मात्र गेला. त्याची बाही बसवायला, छातीचा कॅनव्हास टाचायला जे ओणवावं लागतं ते होत नाही. अण्णांची विद्या माझ्यापाशी आहे आणि हातात उतरत नाही, याचं दुःख लग्नसराईत दर वेळी नव्यानं होतं. २०१९ला उजवा गुडघा बदलला. तिथलीही कूर्चा काळी निघाली.

एक गोष्ट वाढली. वाकलेल्या पाठीची माणसं माझ्याकडे यायला लागली. कुबड आलेली, मणका सांधलेली, पडून कंबर मोडलेली. तयार शर्ट अशा अंगावर मागून वर चढतो, पुढून लोंबतो, आणि कॉलर मानेपासून सुटून उभी राहते. त्यासाठी पाठीचा भाग मुंढ्याच्या वर पाऊण ते एक इंच वाढवायचा, मधल्या शिवणीला बाक द्यायचा, पुढा तेवढाच चिमटून घ्यायचा, आणि वरचं बटण किंचित खाली सरकवायचं. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या पानावरच्या आकड्यांवरून, स्वतःचे शर्ट उसवून शिकलो. असा माणूस आरशापुढं उभा राहिला आणि त्याचा शर्ट मागून-पुढून एका रेषेत आला, की तो खांदे थोडे मागं घेतो. घेता येत नसले तरी.

औषधाचं विचारतात. निटिसिनोन नावाचं आहे. तणनाशकाच्या संशोधनातून ते निघालं, आणि २०२० साली युरोपात मोठ्या माणसांच्या अल्कॅप्टोन्युरियासाठी त्याला मान्यता मिळाली. त्यानं होमोजेंटिसिक ॲसिड ९५ टक्क्यांहून जास्त घटतं. रक्तात टायरोसिन वाढतं, म्हणून डोळे तपासत राहावे लागतात आणि खाण्यातली प्रथिनं सांभाळावी लागतात. जो मणका झिजून गेला तो त्यानं परत येत नाही. माझ्यासाठी ते उशिरा आलं. आज परसात ज्याची दुपटी वाळतायत, त्याच्यासाठी उशिरा आलेलं नाही, म्हणून मी ते नाव चिठ्ठीवर लिहून गल्ल्यात ठेवलंय, विचारणाऱ्याला द्यायला.

त्या नकारानंतर बहीण पुढच्या वर्षी भाऊबीजेला आली. मागचं कुणीच काढलं नाही. तेव्हापासून तिची पोलकी मीच शिवतो. गेल्या दिवाळीआधी माप द्यायला आली, तर पाठीवरचा टेप आदल्या सालाहून पाव इंच पुढं गेला. मी वहीत लिहिलं. तिनं वाकून आकडा वाचला आणि विचारलं, “तुझं किती?”

अण्णा गेल्यापासून माझं माप कारागीर घेतो. त्या दिवशी तो जेवायला गेला होता. तिनं टेप माझ्या हातातून घेतला. तिचे खांदे आता वर जात नाहीत, म्हणून मी स्टुलावर बसलो. तिचं बोट माझ्या मानेच्या हाडावर टेकलं आणि टेप हळूहळू खाली गेला.

“पाठ अठरा,” ती म्हणाली.

मी लिहिलं.

“फिर आता. पुढा बगू दे.”